दर्शनाविषयी चार ओळी

पाळणाघरात खिचडी रांधणाऱ्या हौसाबाईनं सांगितलं होतं. नुसतं सांगितलं नव्हतं, हातातला पळा पातेल्याच्या काठावर आपटून सांगितलं होतं. "आवडीला पालनाघरात ठेवतेस ती ठेव. पन मंग तिचा नवरा सोम्या कोनाला नेईल त्याचा इचार केलास का गो? इटांच्या भट्टीवर एकटा मानूस उभा करीत नाय. जोडी लागते. एक चिखल मळतो, एक साचा मारतो. आवडी नाय तर दुसरं कोन तरी लागंलच ना त्याला." नम्रता तेव्हा पाळणाघराच्या ओट्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. देणगीच्या अर्जाची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती आणि नेट धड यायचं ते फक्त त्या ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात. तिनं मान वर न करता म्हटलं, "मावशी, तेवढं खिचडीतल्या मिठाकडे बघा. काल खारट झाली होती." हौसाबाईचा अर्धा जन्म मिठागरात गेलेला. "मिठाचं मला नको शिकवू," म्हणाली आणि आत गेली. एवढंच झालं होतं. पुढे कित्येक महिने नम्रताला त्यातलं मीठच आठवत राहिलं. बाकीचं कुठंतरी खाली बसलं होतं, खाडीच्या पाण्यात गाळ बसतो तसं. वरून पाणी अगदी निवळ.

गाळ ढवळला गेला तो माघातल्या एका सकाळी, आणि तोही आनंदाच्या बातमीनं. ऋतूला भरवणं चाललं होतं. अडीच वर्षांची पोर घास गालात धरून बसायची, गिळायची नाही. तेवढ्यात फोन वाजला म्हणून नम्रतानं डाव्या हातानं तो उघडला. देणगी देणाऱ्या कुंडलिका समाजनिधीचे हर्षद सर. 'अभिनंदन, नम्रताताई. तुमचा अर्ज मंजूर झाला. पत्र येतंच आहे. आणखी एक आनंदाची गोष्ट, यंदाच्या वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठावर आपली दर्शना घ्यायचं समितीनं ठरवलंय. फार बोलके डोळे आहेत तिचे. तिचा एक ताजा फोटो आणि तिच्याविषयी चार ओळी शुक्रवारपर्यंत पाठवाल का?' खाली हसरा चेहरा. नम्रतानं ते दोनदा वाचलं. जिना उतरताना एक पायरी जास्त धरली जावी तसं तिला झालं. ऋतूनं फोनमध्ये डोकावून अर्जासोबतचा तो जुना फोटो पाहिला, गालातला घास एकदम गिळला आणि म्हणाली, "दना."

दना म्हणजे दर्शना. वय बारा, इयत्ता सहावी, निडीच्या पुढच्या कातकरवाडीतल्या सोमा आणि आवडीची थोरली. नम्रता या सगळ्याला दीड वर्षापूर्वी चिकटली होती. एमएसडब्ल्यू होऊन, लग्न होऊन, पेणला दोन खोल्यांत येऊन पडल्यावर आणि ऋतू झाल्यावर तिला अशी भीती वाटायला लागली होती की आपण हळूहळू फक्त एक दचकणं होऊन राहू. पोर रात्री खोकली की दचकायचं, खोकली नाही की दचकायचं. अमोलची कंपनीत शिफ्ट. तो आठवड्यागणिक वेगवेगळ्या वेळी झोपायचा. अशात पुंडलिक सरांनी विचारलं. निवृत्त शिक्षक, एकट्याच्या जिद्दीवर 'पाखर' नावाची संस्था चालवणारे. "अर्ज लिहायला कोणी नाही गं. मला ते ऑनलाइन जमत नाही. पोरीला घेऊन ये, तिकडे पाळणाघर आहेच." म्हणून ती आठवड्यातून दोनदा ऋतूला घेऊन पेणहून रेल्वेगाडीनं निडीला उतरायची, आणि वाडीवरच्या एका खोलीच्या पाळणाघराच्या ओट्यावर बसून अर्ज लिहायची. कुंडलिका समाजनिधी हा त्यातल्या त्यात जवळचा, आपल्या माणसांचा. रोह्यातले डॉक्टर, दुकानदार, निवृत्त अधिकारी मिळून काढलेला. भाताच्या गिरणीच्या वर त्यांचं ऑफिस. जिना चढताना कोंड्यानं शिंका यायच्या. पण अर्ज चौदा पानी. उद्दिष्ट, गरज, परिणाम, परिणामाचे मोजमाप. आणि नवव्या पानावर ती अट: पाळणाघराची सेविका वाडीतलीच असावी व ती बारा महिने वाडीवर राहणारी असावी; पौषात समिती प्रत्यक्ष पाहणीस येईल.

बारा महिने वाडीवर राहणारी बाई त्या वाडीत नव्हतीच. दिवाळी झाली की घरांना कड्या लागायच्या. भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि माणसं टेंपोत चढायची आणि वीटभट्ट्यांकडे जायची ती पाऊस तोंडावर आला की परत. मागे म्हातारी आणि कुत्री. तरीही नम्रतानं आवडीला राजी केलं होतं, आणि त्यात वावगं काय होतं हे तिला आजही शोधून सापडत नव्हतं. आवडी सातवी शिकलेली, पोरांना जीव लावणारी. तिचा गोरख तीन वर्षांचा, पाळणाघरातच. दर्शना शाळेत. आई वाडीवर राहिली तर दोन्ही पोरं राहतील, शाळा सुटणार नाही, हे तर चिखलात उभ्या केलेल्या दांड्यासारखं स्वच्छ दिसत होतं. कुंपणाशी उकिडवा बसून सोमानं एकदाच विचारलं, "मंग माज्यासंगती कोन?" आणि नम्रता हसत म्हणाली होती, "तुम्ही एकटे जा की या वर्षी. मुकादमाला सांगा, बायको नोकरीला लागली." आवडीसुद्धा हसली होती. सोमाही हसला असावा. मुकादमाला त्यानं जोडीनं यायचा शब्द गणपतीतच दिलेला होता हे नम्रताला माहीत नव्हतं. किंवा माहीत होतं. वाडीत सगळे गणपतीतच शब्द देतात हे तिनंच अर्जाच्या तिसऱ्या पानावर 'स्थलांतराचे स्वरूप' या मथळ्याखाली लिहिलं होतं.

त्या दिवशी, मुदतीच्या दिवशी, ऋतू सकाळपासून किरकिरी होती. दात येत होते. दर्शना शाळेतून अर्ध्यात आली, आली म्हणजे नम्रतानंच तिला बोलावलं होतं, आणि तिनं ऋतूला कडेवर घेतलं. चार तास घेतलं. आंब्याखाली नेलं, विहिरीशी नेलं, रेल्वेच्या रुळाकडे नेऊन मालगाडीचे डबे मोजून दाखवले. बारा वर्षांच्या पोरीच्या हडकुळ्या कमरेवर ऋतूचे गुबगुबीत पाय लोंबत होते, आणि नम्रता लिहीत होती: 'मुलींवरील भावंडे सांभाळण्याचा भार हे शाळागळतीचे एक प्रमुख कारण आहे.' मध्येच दर्शना मागून येऊन पडद्याकडे वाकली. तिला वाचायला आवडायचं. बिस्किटाच्या पुड्यावरचंसुद्धा ती वाचायची. "ताई, हितं माजं नाव हाय." "हो, तुझंच." "आयेचं पन हाय." "ती सेविका होणार ना." दर्शना अक्षर अक्षर लावत वाचत राहिली. शेवटच्या चौकटीतला प्रश्न होता: हा प्रकल्प नसता तर काय झाले असते? नम्रतानं एका दमात लिहिलं: 'दर्शना यंदा आई-वडिलांबरोबर वीटभट्टीवर गेली असती. आता ती जाणार नाही.' वाक्य तिला फार आवडलं होतं. दर्शनाला आवडलं की नाही हे तिनं विचारलं नाही. पोर म्हणाली, "ताई, तुमच्या बाईनं शी केली." मग दोघी खूप हसल्या, आणि नम्रतानं तशाच हसण्यात फोन काढून तिचा फोटो घेतला. हाच तो. डाव्या भुवईला मधोमध जुनी खोक, लहानपणी विटांच्या साच्याच्या कोपऱ्यावर पडली होती तेव्हाची, आणि खाली ते बोलके डोळे.

हर्षद सरांचा निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी नम्रता वाडीला निघाली. जिन्याखाली गणपतीचा कारखाना होता, घराघराखाली असतो तसा. माघीचे गणपती होऊन गेले होते आणि आता भाद्रपदासाठीच्या मूर्ती नुकत्या साच्यातून निघून वाळत लावलेल्या. पांढऱ्याफेक, ओळीनं, डोळ्यांची आखणी न झालेल्या. एरवी नम्रताला त्यांच्यातून जाताना कसंसंच व्हायचं. ऋतूचा चेहरा ती खांद्यात लपवायची. आज तिला बरं वाटलं. एवढे जण बसलेत आणि एकही बघत नाही. कारखान्यातला पोपटदादा पॉलिशपेपर घासता घासता म्हणाला, "वहिनी, वाडीला काय? पोरीला टोपी घाला, ऊन तापाय लागलंय." तिनं टोपी घातली. आदल्या संध्याकाळी तिनं अमोलला सांगून पाहिलं होतं. तो शिफ्टवरून येऊन बूट काढत होता. "पोरगी भट्टीवर गेली असेल तर बापानं नेली. तू नेलीस काय?" म्हणाला. मग तिच्या तोंडाकडे बघून आवाज उतरवून, "असेल गं मामाकडे. तू आधीच कशाला रडतेस." मामाकडे. तो शब्द ऐकताच तिला पुन्हा ती पायरी लागली.

गाडी तशी रिकामी होती. ऋतू खिडकीच्या दांड्याला ओठ लावून बसली. कासू स्टेशन गेलं. भाताची रिकामी शेतं, मधूनच वालाचे हिरवे तुकडे, आणि शेतातल्याच मातीचे उभे केलेले लाल चौथरे, धूर नसला तर घरं वाटावीत असे. नम्रताचं माहेर जित्याजवळचं. तिच्या लहानपणी खाडीच्या पडीक जमिनीवर अशाच भट्ट्या लागायच्या, शाळेच्या वाटेला लागून. तिथं एक मुलगी होती, तिच्याच वयाची. रोज बांधावर उभी राहायची, लाल धुळीनं पापण्यासुद्धा लाल. एकदा तिनं नम्रताला विचारलं होतं, "दप्तरात काय हाय तुज्या?" कंपास होती, नवी, झाकणावर गुणाकाराचे पाढे छापलेली. नम्रता म्हणाली, "उशीर होतोय," आणि पुढे गेली. उशीर झाला नव्हता. पावसाळ्यात भट्टी उठली. पुढच्या वर्षी आली ती माणसं दुसरीच. हा प्रसंग तिनं अर्जाच्या पहिल्या पानावर 'प्रेरणा' या सदरात घातला होता, थोडा नीटनेटका करून. अर्जात तिनं त्या मुलीला कंपास उघडून दाखवली होती.

नागोठणं सुटलं तसा तिनं खिडकीकडचा चेहरा वळवला, कारण निडीच्या अलीकडे ते फाटक येणार होतं. दिवाळीनंतरच्या आठवड्यात ती याच गाडीत होती, ऋतू मांडीवर झोपलेली. फाटक पडलेलं, आणि पलीकडे एक टेंपो थांबलेला. खच्चून भरलेला. गोधड्या, पातेली, उलटी बांधलेली खाट, कोंबड्यांचं खुराडं. सगळ्यांच्या वर, पाण्याचं निळं पिंप कवटाळून, एक मुलगी बसली होती. गाडी तिथं हळू होते. मुलीनं हात वर केला. शाळेची हिरवी रिबीन होती तिच्या एका वेणीला, दुसरी मोकळी. नम्रताचा उजवा हात ऋतूच्या डोक्याखाली होता. तो काढला असता तर पोर उठली असती. तिनं हात हलवला नाही. मग फाटक मागे गेलं. अशा हिरव्या रिबिनी त्या शाळेत सत्तर पोरींच्या वेण्यांना असतात, तिनं स्वतःला सांगितलं. आणि मुली गाडी बघून हात करतातच, कुणालाही. त्या आठवड्यात तिला वाडीवर जायचं होतं, गेली नाही. ऋतूला सर्दी झाली होती. खरंच झाली होती. पुढच्या आठवड्यात सर्दी नव्हती, तरी गेली नाही.

मग गेली ती थेट पौषात, समितीबरोबर. पांढरी गाडी, हर्षद सर, एक डॉक्टरीणबाई आणि कॅमेरा घेतलेली एक मुलगी. ओटा सारवलेला, आठ पोरं तोंडं धुऊन बसवलेली, आवडी धुवट लुगडं नेसून दारात. गोरख तिच्या पायाला मिठी मारून. डॉक्टरीणबाईंनी वजनाचा तक्ता पाहिला, शाबासकी दिली आणि म्हणाल्या, "आणि ती दर्शना कुठे? आम्हाला तिला भेटायचं होतं." आवडीनं नम्रताकडे पाहिलं. फार नाही, ऋतूनं घास गिळावा एवढा वेळ. नम्रता काही बोलली नाही. आवडी म्हणाली, "मामाकडं गेलीय. कोलाडला." "अरे वा, सुट्टीत मामाकडे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पौषात कसली सुट्टी. पण त्यांनी लिहून घेतलं. चहा आला. नम्रतानं कप घेतला, बशी घेतली, आणि त्या वाफेत तिला अर्जाचं पाचवं पान दिसलं, तिनंच भरलेलं. सेविकेची कौटुंबिक माहिती: आवडी सोमा वाघमारे, माहेरची एकुलती. भाऊ नाही. चहा गोड होता. तिनं सगळा प्यायला.

निडीला उतरून वाडीपर्यंत वीस मिनिटांची चाल. ऋतू कडेवर जड होत गेली. दर्शना चार तास कशी वागवत असेल हा विचार नको म्हटला तरी पावलापावलाला येत राहिला. पाळणाघरात पोरं जेवत होती. हौसाबाई चुलीशी होती. हौसाबाई मूळची जित्याकडचीच, लेकीकडे निडीला येऊन राहिलेली. नम्रताला ती गावची पोर म्हणायची. आज तिनं तसं काही म्हटलं नाही. "ये. बस. पानी देऊ?" एवढंच. 'मी सांगितलं होतं' असं ती म्हणाली असती तर नम्रताला सोपं गेलं असतं. आवडीनं पदराला हात पुसले, ऋतूला घेतलं, तिच्या नाकाशी नाक घासलं. "काय गो दनाची मैतरीन. जेवतेस काय खिचडी? आज मीठ बरोबर हाय." ऋतूनं खोलीभर पाहिलं, दाराआड पाहिलं, पाळण्याखाली वाकून पाहिलं. "दना कुठे?"

"माझ्यावर रागावलात का?" नम्रतानं विचारलं. हे विचारायचं नव्हतं. आधी मुलीचं विचारायचं होतं, पण तोंडातून हेच आलं, आणि त्याची लाज वाटायच्या आत आवडी म्हणाली, "तुमच्यावर कशाला रागवू? तुमी सांगलात रहा, मी राहले. पोरं बरी हायत. गोरख्याचं वजन वाढलंय." मग ती ओट्यावर तिच्याशेजारी बसली, त्याच डाव्या कोपऱ्यात. "मी नाय धाडली तिला. मी म्हटलं, मी येते, जाऊ दे ते पालनाघर. तर पोर मलाच शिकवती. आये, कागदावर तुजं नाव लिवलंय. तू गेलीस तर हे बंद पडंल, मंग गोरख्या भट्टीवर धुरात बसंल. मी जाते बाबासंगती, मला साचा येतो. दोन वर्सं बघतेय ना." आवडीनं ऋतूला मांडीवर ओढलं. "वाचता येतं ना तिला. तिनं वाचलं होतं सगळं."

"मग समिती आली तेव्हा का नाही सांगितलंत?" नम्रताचा आवाज तिलाच परका वाटला.

"तुमच्याकडं बघितलं मी. तुमी काय बोलला नाय. मला वाटलं, असंच सांगायचं असतं."

आत कुणाचं तरी ताट पडलं. हौसाबाई कुणाला तरी रागावली, मग त्यालाच जवळ घेतलं असावं, रडणं थांबलं. नम्रतानं विचारलं, कुठल्या भट्टीवर, मालक कोण, मुकादमाचा नंबर. आवडीला जे ठाऊक होतं ते तिनं बोटांवर मोजत सांगितलं. आधी मुरबाडाकडं कुठं तरी होते. सोमाचा फोन यायचा, दर दोन-तीन दिवसांनी. पोर बोलायची. हात फुटलेत म्हणायची, पन हसायची. गोरख्याला गाणं म्हणून दाखवायची. संक्रांतीच्या आधी शेवटचा फोन. "म्हनला, हितनं हलवतायत आमाला, लांब हाय, ठिकान कळलं की सांगतो. पाठीमागं ती बोलत होती, आयेला सांग माजं सहावीचं पुस्तक टाकू नको. तवापासून बंद. मुकादमाचा पन बंद." संक्रांतीला आता महिना होऊन गेला होता. "भाऊबंद जाऊन आले मुरबाडाला. भट्टी रिकामी. राख हाय नुसती."

नम्रतानं तिथूनच मुलांसाठीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडची बाई सौम्य होती, सगळं लिहून घेत होती. भट्टीचं नाव? गाव? तालुका? निदान जिल्हा? ठिकाण कळवा ताई, आम्ही लगेच माणसं पाठवतो. चौदा पानं भरताना एकही चौकट रिकामी न सोडणाऱ्या नम्रताला या चारांतली एकही भरता येईना. पोलिसांत निवेदन द्यायचं ठरलं. पुंडलिक सर उद्याच येतो म्हणाले, आवडीला घेऊन जाऊ. मग फोनवर ते जरा घुटमळले. "नम्रता, त्या चार ओळींचं काय करणार आहेस? हे बघ, खोटं लिहायचं नाही आपण. पण सगळंच लिहायला हवं असं कुठं आहे? हे वाचून त्यांनी हात आखडला तर उद्या ती आठ पोरं कुठं जातील? दुसऱ्या कुणाचा तरी फोटो पाठव. गोरखचा पाठव." ते वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं तिच्याच डोक्यात आधी येऊन गेलं होतं, तिच्याच आवाजात.

"फोटो नाही पाठवणार मी," ती आवडीला म्हणाली. "दर्शनाचा फोटो छापायचाय म्हणतात. नको म्हणून कळवते." आपण काहीतरी परत करतो आहोत असं तिला वाटलं. आवडीनं ऋतूला मांडीवर फिरवून घेतलं आणि प्रथमच तिच्या आवाजाला धार आली. "का नको? किती लोकांकडं जातं ते पुस्तक?" दीडेक हजार, नम्रता म्हणाली, डॉक्टरांकडे, कंपन्यांत, दुकानांत. "मंग छापा की. मोठा छापा. त्या लोकांच्या गाड्या जातात, भट्टीवरनं जातात. त्यांची घरं बांधतात, इटा घेयाला जातात. कोनाला तरी दिसंल." तिनं फोनमधला तो फोटो मागून घेतला, अंगठ्यानं पडद्यावरचा खिचडीचा डाग पुसला. "हितं हसतेय. भुवई दिसती नीट. हाच द्या. ताजा कुठनं आनू?"

ऋतू परतीच्या गाडीत झोपली. फाटक आलं तेव्हा नम्रतानं चेहरा वळवला नाही. पलीकडे एक दुधवाला मोटारसायकलवर थांबला होता. तिनं ऋतूच्या डोक्याखालून उजवा हात हळूच काढला. पोर उठली नाही. एवढं सोपं होतं.

शुक्रवारी दुपारी, ऋतू निजल्यावर, ती लिहायला बसली. खाली पॉलिशपेपरची घसघस चालली होती. हर्षद सरांना एक वेगळं पत्र तिनं आधीच पाठवलं होतं, पाचव्या पानाचं, चहाचं, सगळं. उत्तर आलेलं नव्हतं, पाळणाघराचं काय होईल ते ठाऊक नव्हतं. सोबत एवढंच मागितलं होतं, की काही ठरवा, पण या चार ओळी आहेत तशा छापा. पहिल्यांदा तिनं लिहिलं, 'दर्शना ही एक जिद्दी मुलगी आहे.' खोडलं. मग 'परिस्थितीने' असा शब्द आला, तोही खोडला. अर्ज लिहून लिहून हाताला लागलेली सगळी वाक्यं एकेक करून आली आणि गेली. आणि मग जे उरलं ते तिनं लिहून काढलं. चारापेक्षा जास्त ओळी झाल्या.

'ही दर्शना सोमा वाघमारे, वय बारा. यंदा ती वीटभट्टीवर जाणार नाही असं मी अर्जात लिहिलं होतं. तिच्या आईला मी वाडीवर ठेवून घेतलं, म्हणून बापाची जोडी पुरी करायला ती गेली. संक्रांतीपासून ती कुठं आहे ते आम्हाला माहीत नाही. हे वाचणाऱ्या तुम्हाला माझी विनंती आहे. तुमच्या वाटेवर भट्टी लागली तर गाडी थांबवा. लाल धुळीत सगळी पोरं सारखी दिसतात, म्हणून डावी भुवई बघा, मधोमध खोक आहे. दर्शना अशी हाक मारा. ती हजर म्हणत नाही, शाळेतही म्हणत नसे, ती हाय म्हणते. म्हणाली, तर आधी जेवलीस का विचारा. सहावीचं पुस्तक आईनं टाकलेलं नाही म्हणावं. आणि ते गाव कोणतं, तेवढं मला कळवा.'